लशीत तुरटी कशाला?

गेल्या महिन्यात भाचीसोबत नागपूरच्या धंतोलीतल्या एका बाळांच्या दवाखान्यात बसले होते. तिची लेक दीड महिन्याची, पहिलं मोठं लसीकरण. डॉक्टरांनी फाईल उघडता उघडता विचारलं, "दुखणारी देऊ की बिनदुखणारी?" भाचीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या सासूबाई मात्र थांबल्या नाहीत. "काहून तापवाली देता बाप्पा एवढ्याशा लेकराले? पैसे लागले तं लागू द्या, बिनदुखणारीच द्या."

माझ्याकडे पाहण्याचं कारण एवढंच की मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते आणि घरात त्याचा अर्थ 'अर्धी डॉक्टर' असा लावला जातो. मी म्हटलं, "दुखणारीत डांग्या खोकल्याचा मेलेला अख्खा जंतू असतो, बिनदुखणारीत त्याचे निवडक तुकडे. तुरटी दोन्हीत असते." आजी चपापल्या. "तुरटी? दाढीले लावतात ते?"

जवळपास तीच. न्हाव्याकडे मिळतो तो खडा नव्हे, पण त्याच घराण्यातला ॲल्युमिनियमचा क्षार. लशीत तो मुख्य माल म्हणून नसतो, मदतनीस म्हणून असतो. अशा मदतनिसाला ॲडज्युव्हंट म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही 'मदत करणं' असाच आहे. आता ही मदत नेमकी कसली, हे दवाखान्यात पाच मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितेय.

तुरटीच्या आधी साबुदाणा येतो. १९२० च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गास्तों रामों नावाचे पशुवैद्य घोड्यांवर काम करत होते. त्या काळी घटसर्पावरचं औषध घोड्याच्या रक्तातून यायचं. घोड्याला घटसर्पाचं निष्प्रभ केलेलं विष टोचायचं, त्याच्या रक्तात उतारा तयार झाला की तो काढून आजारी मुलांना द्यायचा. रामोंच्या लक्षात आलं की सुईच्या जागी ज्या घोड्यांना गळू होतं, त्यांच्या रक्तात अँटीबॉडी जास्त सापडतात. मग त्यांनी मुद्दाम सूज आणायची ठरवली. विषासोबत पावाचा चुरा टोचला, स्टार्च टोचलं, टॅपिओका टोचला. टॅपिओका म्हणजे ज्याचा साबुदाणा करून आपण एकादशीला खिचडी रांधतो तोच. आणि अँटीबॉडी खरंच वाढल्या! विष तेच, मात्रा तीच, पण सोबत काहीतरी खुपणारं असलं की शरीर अधिक गंभीरपणे घेतं.

पुढे १९२६ मध्ये लंडनला अलेक्झांडर ग्लेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच निष्प्रभ विष तुरटीने खाली बसवलं. गढूळ पाण्याच्या घागरीत तुरटी फिरवली की गाळ तळाला बसतो, तसंच. तो बसलेला साका टोचला तर नुसत्या विषापेक्षा कितीतरी चांगली प्रतिकारशक्ती आली. तेव्हापासून ॲल्युमिनियमचे क्षार लशीत आले ते आजपर्यंत. धनुर्वात, घटसर्प, कावीळ ब, पेंटाव्हॅलंट, न्यूमोनियाची पीसीव्ही, सगळीकडे हेच. एका डोसमध्ये ॲल्युमिनियम साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी. त्यानंतर किमान सत्तर वर्षं माणसांच्या लशींसाठी दुसऱ्या कुणाला फारसा परवानाच मिळाला नाही, इतकी या तुरटीची मक्तेदारी.

या तुरटीचा एक स्वभाव नागपूरकरांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लस म्हटलं की सगळ्यांना एकच काळजी, उन्हाने खराब तर होणार नाही? तुरटीवाल्या लशींना मात्र उन्हाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त घात थंडीचा होतो. त्या गोठल्या की संपल्या. लशीचे कण ॲल्युमिनियमच्या जाळीला चिकटलेले असतात. पाणी गोठलं की ती जाळी मोडते, कणांचे गोळे होतात आणि पुन्हा वितळवलं तरी ते सुटत नाहीत. बाटलीवर जो चौकोनाचा रंग बदलतो तो फक्त उष्णता सांगतो, गोठण्याबद्दल तो मुका आहे.

जिल्ह्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले होते, तिथल्या सिस्टरनी आम्हाला 'शेक टेस्ट' करून दाखवली. त्याच बॅचची एक बाटली त्यांनी रात्रभर मुद्दाम गोठवून ठेवली होती. ती वितळल्यावर आणि संशय असलेली दुसरी बाटली, दोन्ही एका मुठीत धरून खसखसा हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. अर्ध्या तासाच्या आत गोठवलेल्या बाटलीत वर नितळ पाणी आणि तळाला पांढरा चुरा. दुसरी अजून ताकासारखी पांढुरकी. "ही चांगली हाय," सिस्टर म्हणाल्या आणि ती बाटली परत फ्रीजमध्ये गेली. बाहेर लू वाहत होती आणि आत लस गारठली तर नाही ना याची परीक्षा चालली होती. याच कारणासाठी व्हॅक्सीन कॅरियरमध्ये ठेवायचे आईस पॅक आधी बाहेर काढून ठेवतात आणि कानाशी धरून हलवतात. आत पाण्याचा आवाज आला की मगच लस आत.

तुरटी नेमकं करते काय? बरीच वर्षं सांगितलं जायचं की ती लस धरून ठेवते आणि थोडी थोडी सोडते, गुदामासारखी. मीही विद्यार्थ्यांना असंच शिकवलंय. पण उंदरांच्या कानात लस टोचून काही तासांतच कानाचा तो भाग कापून टाकला, तरी अँटीबॉडी तेवढ्याच आल्या. म्हणजे गुदाम गेलं, धंदा चालूच. आता जे दिसतं ते असं, की तुरटीचे कण पेशींना इजा करतात, इजा झालेल्या पेशी धोक्याचे संदेश सोडतात आणि शरीर त्या संदेशांना धावून येतं. रामोंचं गळूच ते, फक्त डोळ्यांना न दिसणारं.

इथपर्यंतची गोष्ट 'किती' ची झाली. खरी गंमत 'कोणत्या' ची आहे.

२०२१ आठवा. दुसरी लाट ओसरल्यावर आपल्याकडे अँटीबॉडीच्या रिपोर्टची चढाओढ लागली होती. कुणाला तीनशे, कुणाला अठराशे, आणि अठराशेवाला तीनशेवाल्याला मास्क नीट लावायला सांगायचा. त्या आकड्याने एवढंच कळायचं की विषाणूला चिकटणाऱ्या अँटीबॉडी किती आहेत. चिकटल्यावर त्या काय करणार, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. आणि ते सगळ्यांचं सारखं नसतं.

अँटीबॉडीचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा. वरचे दोन हात जंतूला पकडतात, खालचा दांडा बाकीच्या शरीराशी बोलतो. विळ्याचं पातं आणि त्याची मूठ डोळ्यांसमोर आणा. तेच पातं आखूड मुठीला लावलं तर गवत कापता येतं, लांब बांबूला बांधलं तर आकडी होते आणि उंचावरची फांदी ओढता येते. धार तीच, काम वेगळं. शरीर हेच करतं. एकदा एखाद्या जंतूसाठी चांगलं पातं सापडलं की तेच पातं वेगवेगळ्या दांड्यांवर चढवतं. दांड्यावरून अँटीबॉडीची जात ठरते.

आयजीएम सगळ्यांत आधी येते. पाच वाय एकत्र बांधलेला भारा, दहा हात, पण पकड तशी ढिली. आयजीए लाळेत, आतड्यात, आईच्या दुधात पहारा देते. आयजीई मूळची जंतांसारख्या परजीवींशी लढणारी, पण आपल्याला ती ठाऊक आहे शिंका आणि पित्ताच्या गांध्यांमुळे. आयजीडीबद्दल शिकवताना मी स्वतः घाईत असते, इथेही पुढे जाते. रक्तात सर्वांत जास्त असते ती आयजीजी, वारेतून आईकडून बाळाकडे जाते तीही हीच, आणि तिच्यात चार पोटजाती. आयजीजी-१ आणि आयजीजी-३ भांडखोर. जंतूला पकडलं की आरडाओरडा करून भक्षक पेशींना बोलावतात, रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची भोकं पाडणारी यंत्रणा चालू करतात. आयजीजी-२ मुख्यतः साखरेचं कवच असलेल्या जंतूंसाठी. आयजीजी-४ मात्र विलक्षण शांत. ती पकडते, पण कुणाला हाक मारत नाही. तिचे दोन अर्धे भाग सुटून दुसऱ्या आयजीजी-४ च्या अर्ध्याशी जोडलेही जातात.

ही शांतताही कधी कधी हवीच असते. मधमाश्या पाळणाऱ्यांना आयुष्यभर डंख बसतात. त्यांच्या रक्तात मधमाशीच्या विषाविरुद्ध आयजीजी-४ भरपूर सापडते. विष अडवलं जातं, पण प्रत्येक डंखाला अंग सुजत नाही. ॲलर्जीवरच्या इंजेक्शनांच्या कोर्सचं उद्दिष्टही बरंचसं हेच.

आता एका जातीतून दुसरी जात होते कशी? अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशीच्या आत दांड्यांचे जनुक एका रांगेत मांडलेले आहेत, रेल्वेच्या स्टेशनांसारखे. माणसात ही रांग अशी: आधी आयजीएम आणि आयजीडी, मग आयजीजी-३, आयजीजी-१, आयजीएचा पहिला प्रकार, आयजीजी-२, आयजीजी-४, आयजीई आणि शेवटी आयजीएचा दुसरा प्रकार. नागपूरहून मुंबईची गाडी धरा. अजनी, सेवाग्राम, वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा. प्रत्येक बी पेशी नागपूरला, म्हणजे आयजीएमवर, उभी असते. तिला वर्धेला उतरायचं असेल तर मधला सगळा रूळ कापून टाकते आणि दोन टोकं सांधते. कापण्याची सुरुवात करणाऱ्या एन्झाइमचं नाव एआयडी. त्याचं महत्त्व क्योटोतल्या तासुकु होन्जो यांच्या गटाने २००० च्या सुमारास दाखवलं. मेख अशी की कापलेला रूळ परत जोडला जात नाही. वर्धेला उतरलेली पेशी पुढे बडनेऱ्याला जाऊ शकते, पण अजनीला कधीच परत येत नाही.

कोणत्या स्टेशनवर उतरायचं हे पेशी स्वतः ठरवत नाही. तिला चिठ्ठी मिळते. चिठ्ठी देणाऱ्या असतात मदतनीस टी पेशी, आणि त्यांना माहिती पुरवतात डेंड्रायटिक पेशी. या डेंड्रायटिक पेशी स्नायूत फिरत असतात. सुई टोचली की लशीतला माल उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत, म्हणजे मांडीत टोचलं तर जांघेत, घेऊन जातात. तिथे त्या नुसतं "हे सापडलं" असं सांगत नाहीत, कुठल्या परिस्थितीत सापडलं हेही सांगतात. हीच ॲडज्युव्हंटची जागा. परिस्थितीचं वर्णन तो करतो.

हे वर्णन वाचायला पेशींवर टोल-लाईक रिसेप्टर नावाचे संवेदक असतात. टोल म्हटल्यावर वर्धा रोडवरचा नाका आठवेल, पण इथे तो जर्मन उद्गार आहे, 'भारीच!' अशा अर्थाचा, आणि माशीवरच्या संशोधनातून आलेला. प्रत्येक संवेदक जंतूंची एकेक खूण ओळखतो. चौथ्या क्रमांकाचा काही जीवाणूंच्या बाहेरच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ ओळखतो, सातवा आणि आठवा विषाणूचा आरएनए, नववा जीवाणूसारख्या डीएनएचे तुकडे. या शोधांसाठी ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस ब्यूटलर यांना २०११ चं नोबेल मिळालं, सोबत डेंड्रायटिक पेशी शोधणारे राल्फ स्टाइनमन.

संवेदकाने "आत जंतू शिरलाय" अशी खबर दिली की डेंड्रायटिक पेशी इंटरल्यूकिन-१२ नावाचा निरोप देणारा रेणू सोडते, त्यातून टीएच-१ जातीच्या टी पेशी तयार होतात आणि त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचा तसाच दुसरा रेणू सोडतात. ही चिठ्ठी भांडखोर अँटीबॉडींची. तुरटी मात्र हे टोल संवेदक वाजवत नाही. तिच्या इजेतून जे वातावरण तयार होतं त्यात टीएच-२ जातीच्या टी पेशी जास्त येतात, त्या इंटरल्यूकिन-४ सोडतात. त्या चिठ्ठीवर माणसात आयजीजी-४ आणि आयजीई ही पुढची स्टेशनं लिहिलेली असतात. टी पेशींचे हे दोन गट १९८६ मध्ये मॉसमन आणि कॉफमन यांनी उंदरांत दाखवले. इंटरल्यूकिन-४ आणि इंटरफेरॉन गॅमा दोन वेगवेगळ्या जातींकडे ढकलतात, हेही लगेच वर्षभरात उंदरांच्याच पेशींवर दिसलं.

उंदरांवरून माणसांवर उडी मारताना मी विद्यार्थ्यांचे कान धरते. उंदरात चित्र स्वच्छ आहे. तुरटी दिली की आयजीजी-१ आणि आयजीई, टोल संवेदक वाजवणारं काही दिलं की आयजीजी-२ए. पण उंदराची आयजीजी-१ आणि माणसाची आयजीजी-१ यांचं फक्त नाव एक. गुणांनी उंदराची आयजीजी-२ए माणसाच्या आयजीजी-१ ला जवळची. शिवाय माणसात तुरटीवाली लस दिली तरी प्रथिनाविरुद्ध सर्वांत जास्त बनते ती आयजीजी-१ च. ॲडज्युव्हंट बदलल्याने बदलतं ते सोबतच्या पोटजातींचं प्रमाण. एखाद्या लेखात "तुरटीने आयजीजी-१ वाढली" असं वाचलं तर आधी पाहा, कुणाची. आयजीईच्या धास्तीने कुणी लस टाळू नये हेही इथेच सांगते. तुरटीच्या लशी जवळपास शंभर वर्षं कोट्यवधी मुलांना दिल्या गेल्या आहेत, आणि प्रयोगशाळेत उंदराला मुद्दाम ॲलर्जी आणायला तुरटी वापरतात ती वेगळ्याच मालासोबत आणि वेगळ्याच मात्रेत.

मग तुरटी वाईट की चांगली? शत्रू कोण ते पाहावं लागतं. धनुर्वात आणि घटसर्पात जीव घेतं ते जंतूने सोडलेलं विष. विषाला नुसतं पकडलं की काम झालं, पुढे कुणाला हाक मारायची गरज नाही. तिथे तुरटी पुरेपूर आहे. पण शत्रू पेशींच्या आत लपणारा असेल तर नुसती पकड पुरत नाही.

हे किती महागात पडू शकतं ते १९६६-६७ मध्ये अमेरिकेत दिसलं. लहान बाळांच्या छातीत जाणारा आरएसव्ही नावाचा विषाणू आहे. त्याची फॉर्मॅलिनने मारलेली, तुरटी घातलेली लस बाळांना दिली. अँटीबॉडी आल्या. आकडा बघितला असता तर आनंदच झाला असता. पुढच्या हंगामात खरा विषाणू आला तेव्हा लस घेतलेली बाळंच जास्त गंभीर आजारी पडली. एका चाचणीत संसर्ग झालेल्या लसवाल्या बाळांपैकी सुमारे ८० टक्के रुग्णालयात गेली, लस न घेतलेल्यांत ५ टक्क्यांच्या आसपास. दोन बाळं दगावली. दोष एकट्या तुरटीवर टाकणं अन्यायाचं होईल. फॉर्मॅलिनने विषाणूच्या प्रथिनाचा आकार बिघडला होता, त्यामुळे अँटीबॉडी चिकटायच्या पण विषाणूला अडवायच्या नाहीत. टोल संवेदकांना पुरेशी खबर न मिळाल्याने पकड घट्ट व्हायची राहिली. आणि टी पेशींचा कल टीएच-२ कडे गेल्याने फुप्फुसात भलतीच सूज आली. आरएसव्हीवर लस यायला मग २०२३ उजाडलं.

त्या घटनेची सावली कोविडच्या वेळी थेट आपल्या दंडापर्यंत आली. कोव्हॅक्सिन ही मारलेल्या विषाणूची लस, म्हणजे जुन्या घराण्यातली. नुसती तुरटी घातली असती तर टीएच-२ कडे कल जाण्याची भीती. म्हणून भारत बायोटेकने तुरटीच्या जेलवर इमिडॅझोक्विनोलिन जातीचा एक रेणू चिकटवला, जो सातवा आणि आठवा संवेदक वाजवतो. शरीराला वाटतं, खरा विषाणू शिरला. १२ ते १४ वर्षांच्या पोरांना २०२२ च्या मार्चपासून शाळाशाळांतून दिलेल्या कोर्बेव्हॅक्समध्येही तुरटीच्या जोडीला सीपीजी नावाचे डीएनएचे तुकडे होते, नवव्या संवेदकासाठी. कोव्हिशील्डमध्ये वेगळा ॲडज्युव्हंट नव्हताच, त्यातला वाहक विषाणूच पुरेसा दंगा करायचा. रांगेत उभे असताना आपण "तू कोणती घेतली?" एवढंच विचारत होतो.

इतर मदतनीस भराभर सांगते. तेल आणि पाण्याच्या दुधासारख्या मिश्रणातला एमएफ-५९, इटलीत १९९७ मध्ये म्हाताऱ्यांच्या फ्लूच्या लशीत आला. त्यातलं स्क्वालीन शार्कच्या यकृतातून काढतात, आपल्या शरीरातही ते बनतं. चिलीमध्ये साबणाच्या सालीचं एक झाड असतं. आपले रिठे पाण्यात चोळले की फेस येतो तो सॅपोनिनमुळे, त्या सालीतही सॅपोनिनच. त्याचा शुद्ध केलेला अंश आणि जीवाणूच्या आवरणातला निवळलेला स्निग्ध पदार्थ मिळून नागिणीच्या शिंग्रिक्स लशीचा ॲडज्युव्हंट होतो. मोठ्या चाचणीत पन्नाशीपुढच्या लोकांत नागिणीपासून ९७ टक्के संरक्षण मिळालं. आधीची जिवंत विषाणूची लस साठीपुढे ५१ टक्क्यांवर अडकली होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या आर-२१ या मलेरियाच्या लशीतही याच सालीतलं सॅपोनिन आहे. गडचिरोलीच्या दिशेने पाहत मी ही ओळ जरा हावरेपणाने लिहितेय.

आता परत दवाखान्यात. डांग्या खोकल्याच्या दुखणाऱ्या लशीत अख्खा मेलेला जंतू असतो आणि त्याच्या आवरणात तोच स्निग्ध पदार्थ, जो चौथा संवेदक जोरात वाजवतो. म्हणजे तुरटी असतेच, वर जंतू स्वतःच दुसरा ॲडज्युव्हंट. साध्या पोह्यांवर तर्री पडावी तसं. ताप, मांडीची सूज, रात्रभराची किरकिर ही त्या तर्रीची. बिनदुखणाऱ्या लशीत निवडक स्वच्छ प्रथिनं आणि फक्त तुरटी. दुखत नाही कारण शरीराला ओरडून सांगणारंच कुणी नाही.

याचे परिणाम अँटीबॉडीच्या जातीत मोजता येतात. तुकड्यांच्या लशीने सुरुवात झालेल्या मुलांत कल टीएच-२ कडे राहतो आणि प्रत्येक बूस्टरला आयजीजी-४ चा वाटा वाढत जातो. अख्ख्या जंतूने सुरुवात झालेल्यांत तो वाटा कमी राहतो, मोठेपणी बूस्टर तुकड्यांच्या लशीचा दिला तरी! पहिल्या लशीने दिलेली दिशा वर्षानुवर्षं टिकते. रूळ परत जोडला जात नाही म्हणतात तो असा. (एमआरएनए लशींच्या तिसऱ्या डोसनंतरही आयजीजी-४ वाढल्याचं दिसलं आहे. म्हणजे पुन्हा पुन्हा तोच माल दाखवला की गाडी पुढच्या स्टेशनांकडे सरकते. त्याचा रोजच्या आयुष्यात काय अर्थ, यावर वाद चालू आहे.)

अमेरिकेने १९९० च्या दशकात बाळांना तुकड्यांची लस सुरू केली. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याच्या नऊ हजारांहून जास्त केसेस झाल्या, दहा बाळं गेली. तिथल्याच एका अभ्यासात पाचव्या डोसनंतर दर वर्षी हा आजार होण्याची शक्यता ४२ टक्क्यांनी वाढत जाते असं निघालं. बबून माकडांना तुकड्यांची लस दिली तेव्हा ती आजारी पडली नाहीत, पण त्यांच्या घशात जंतू वस्तीला राहिला आणि दुसऱ्या माकडांना लागला. हे सगळं एकट्या अँटीबॉडीच्या जातीमुळे नाही. टी पेशींचा कलही तेवढाच जबाबदार. पण दोन्हींचं मूळ एकच, पहिल्या भेटीत शरीराला परिस्थिती कशी सांगितली गेली.

आपल्या सरकारी कार्यक्रमात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला डाव्या मांडीत जी पेंटाव्हॅलंट देतात ती अख्ख्या जंतूचीच. फुकट मिळते म्हणून ती कमी दर्जाची आणि हजारो रुपयांची बिनदुखणारी वरच्या दर्जाची, हा समज मला आपल्या मध्यमवर्गात फार दिसतो आणि तो मला पटत नाही. बिनदुखणारी लस वाईट नाही. आधीच्या डोसला झटके आलेल्या बाळासारखी काही कारणं असतात तेव्हा डॉक्टर तीच निवडतात, आणि ती घेतलेली बाळं गंभीर आजारापासून वाचतातच. पण पहिल्या तीन डोसांसाठी निवड माझ्यावर असती तर मी एक रात्र जागले असते. आणि ताप आला म्हणजे लस 'लागली', नाही आला म्हणजे वाया गेली, असंही नाही. तापाच्या आकड्यावरून अँटीबॉडी मोजता येत नाहीत.

भाचीने दुखणारी घेतली. डॉक्टरांचाही कल तोच होता. आजी घरी येईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. रात्री पोरीला १०१ ताप आला, डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब दिले, आणि आजीच तिला मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकरू हसत होतं.

दहा दिवसांनी भाचीचा फोन. "मावशी, मांडीला हात लावला की आत वाटाण्याएवढी गाठ लागते गं. लाल नाही, दुखत पण नाही तिला." मी म्हटलं, ती तुरटी आहे. तिच्याभोवती पेशी गोळा झाल्यात. चोळू नकोस, शेकू नकोस. ॲल्युमिनियम हळूहळू विरघळून लघवीवाटे निघून जातं, काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. फोन स्पीकरवर होता हे मला मग कळलं.

"लवकर विरघळ म्हणा तिले," मागून आजींचा आवाज आला. "दहाव्या आठवड्याले दुसरी हाय."